आजीचे दफ्तर

आपल्या मंडळाच्या अंकात दरवर्षी एकदोन तरी लेख दिवंगत आजींवर असतात, आणि ते वाचून मन भरून आले नाही असे क्वचितच घडते. तथापि असे पुष्कळ लेख वाचून झाल्यावर माझ्या मनात एक तक्रार घर करून बसली आहे, आणि ती आजींच्या वतीने मांडणे मला अगत्याचे वाटते. या सर्व लेखांतून भेटणारी आजी एकच असते. तिचे लुगडे मऊसूत असते, हाताला मेतकुटाचा वास असतो, ती पहाटे उठून ओव्या म्हणते, नातवंडांना पाठीशी घालते, जन्मात कोणाला दुखवत नाही, आणि शेवटी कोणालाही त्रास न देता जाते. लेखकाचे नाव झाकले तर यातली कोल्हापूरची आजी कोणती आणि अकोल्याची कोणती, हे सांगण्यास काही खूण राहात नाही. नव्वद वर्षे जगलेल्या, सासर-माहेरच्या दोन दोन पिढ्या मार्गी लावलेल्या बाईचे चरित्र जर असे कोणालाही बसेल असे शिवल्यासारखे येत असेल, तर त्यात तिचे स्वतःचे कितीसे आणि आपल्या बालपणाच्या लाडांचे कितीसे, हे एकदा तपासून पाहणे भाग आहे.

लेखकांच्या प्रेमात काही उणे आहे असे माझे म्हणणे नाही. या साचेबंदपणाचे मूळ आपल्या परदेशी स्थलांतरात आहे. आपल्या मुलांना आजी भेटली ती दोनच प्रसंगी: एक तर आपण सुटीत तीन-चार आठवडे घरी गेलो असता, म्हणजे घराचे सारे नित्य व्यवहार आपल्या स्वागतापायी तहकूब झालेले असताना, किंवा ती इकडे, लेकीच्या वा सुनेच्या बाळंतपणासाठी, सहा महिन्यांच्या व्हिसावर आली असता. लंडनच्या जानेवारीत जावयाचा जाड कोट लुगड्यावर चढवून खिडकीशी बसलेली, फोन वाजला तर उचलायला कचरणारी, दुकानात नातवाचा हात घट्ट धरून चालणारी ही वृद्धा आपल्या गावी भाऊबंदांच्या बांधाचा तंटा तोडीत असेल, किंवा पैशासाठी आलेल्या माणसाला ओसरीवरूनच परत लावीत असेल, याची कल्पना त्या नातवाला यावी तरी कोठून? ज्याने मामलेदाराला फक्त त्याच्या सासुरवाडीस जेवताना पाहिले, त्याने त्याच्या कारभाराची ग्वाही द्यावी, तशी आपली गत झाली आहे.

माझ्या आजीचेच उदाहरण घेतो. सातारा जिल्ह्यातल्या एका गावी, स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास ती विधवा झाली. दिरांशी वाटणी होऊन तिचा हिस्सा वेगळा निघाला, आणि पदरी चार मुले. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मिळकतीत वाटा दिला होता खरा, पण तो तहहयात उपभोगापुरता; मन मानेल तसा विकण्याचा वा देण्याचा अखत्यार त्यात नव्हता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हा मर्यादित हक्क पूर्ण मालकीचा केला. हे कायदे कायदेमंडळात कोणी मांडले, त्यांवर किती वादळ उठले, हे इतिहासाच्या पुस्तकांत आहे. परंतु ते एका मराठी चौथी शिकलेल्या बाईच्या ओसरीपर्यंत कसे पोहोचले, हे पाहावयाचे असेल तर तिची पत्र्याची ट्रंक उघडावी लागते. तीत शेतसाऱ्याच्या पावत्या सालवार लावून दोऱ्याने बांधलेल्या आहेत. खंडाच्या धान्याचा जमाखर्च आहे. सोसायटीच्या कर्जाचे हप्ते आहेत. आणि लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून केलेल्या चिठोऱ्यांवर तालुक्याच्या खेपांच्या नोंदी आहेत. एका चिठोऱ्यावर एवढेच आहे: ‘साहेब रजेवर. पुन्हा येणे. गाडीभाडे फुकट.’

याच ट्रंकेतल्या कागदांत एक प्रकरण असे आहे की जे कोणत्याही श्रद्धांजलीत आले नसते. १९४८ च्या कूळकायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. मात्र जमीनमालक अज्ञान, अपंग अथवा विधवा असेल तर कुळाचा खरेदीचा हक्क लांबणीवर टाकण्याची तरतूद होती. विधवेच्या बाबतीत तिचा त्या जमिनीतला हक्क संपेपर्यंत कुळाला थांबणे भाग होते. म्हणजे माझ्या आजीचे आयुष्य हीच कुळाकडे असलेल्या तिच्या शेताची मुदत होऊन बसली. आम्ही नातवंडे तिला शतायुषी हो म्हणून नमस्कार करीत होतो, आणि तिकडे एक कष्टाळू कुटुंब त्याच आयुष्याची वर्षे मोजीत होते. दर दिवाळीला त्या घरची कारभारीण नव्या तांदळाचे गाठोडे घेऊन येई, आजी तिला खण देई, आणि दोघी एकमेकींच्या प्रकृतीची बारकाईने विचारपूस करीत. त्या विचारपुशीत माया नव्हती असे मी म्हणणार नाही, पण नुसती मायाच होती असे म्हणणे हे दोघींच्याही बुद्धीचा अवमान केल्यासारखे होईल. आजीचे दीर्घायुष्य ही आमच्या घरची पुण्याई होती, तशीच ती दुसऱ्या एका घरची प्रतीक्षा होती. हे न लिहिता तिचे चरित्र लिहिणे म्हणजे सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना कोरा ठेवण्यासारखे आहे.

आणि तिने चुकाही केल्या. मधल्या काकांच्या इंजिनियरिंगसाठी तिने पाटल्या गहाण टाकल्या. पण त्याच वर्षी माझ्या आत्याला, वर्गात पहिली येत असताना, सातवीनंतर शाळेतून काढून घेतले. दोन्ही निर्णय एकाच वहीत, एकाच शाईत, एकाखाली एक नोंदलेले आहेत. आत्या आज ऐंशीच्या घरात आहे आणि आईचे नाव निघाले की अजून डोळ्यांना पदर लावते. मात्र शाळेचा विषय निघाला की ते पाणी आटते. आजीचे वर्णन करताना यातली एकच बाजू ठेवायची, तर ती कोणी निवडायची?

यावर एक आक्षेप हमखास येईल, तो असा की गेलेल्या माणसाचे उणेदुणे काढू नये, आणि घरची भांडणे चव्हाट्यावर मांडणे हे कुलीनतेस शोभत नाही. या आक्षेपाचे उत्तर मराठी बायकांनी स्वतःच, आणि तेही फार पूर्वी, देऊन ठेवले आहे. रेव्हरंड टिळकांचे चरित्र लिहिण्यासाठी मुलाने आई लक्ष्मीबाईंकडे आठवणी मागितल्या, आणि त्यातून १९३४ पासून भागाभागाने ‘स्मृतिचित्रे’ बाहेर आली. लक्ष्मीबाईंनी त्यांत पतीचा तापट स्वभाव लपविला नाही, त्यांचे न सांगता घर सोडून जाणे लपविले नाही, आणि स्वतःची फजिती तर चवीने सांगितली. त्यामुळे टिळकांची योग्यता कोठे तसूभरही कमी झाली? महर्षी अण्णासाहेब कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली निघाले. बालविधवा म्हणून पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या, १८९३ मध्ये पुनर्विवाह करून समाजाचा बहिष्कार सोसलेल्या या बाईंची प्रतिमा सहज देव्हाऱ्यात बसविता आली असती. पण अण्णांचे सारे लक्ष आणि सारी मिळकत संस्थेकडे वाहात असताना घरातली चूल कशी पेटत होती, हे बायांनी आपल्या तिखट जिभेने सांगून ठेवले, आणि मराठी वाचकाला अण्णांइतकाच त्यांच्याविषयी आदर वाटला. बायांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेला गेल्या, तेथे लोकांच्या घरी घरकाम करून इंग्रजी शिकल्या आणि अण्णांच्या आश्रमासाठी निधी मिळवून परत आल्या. परदेशी गेलेल्या मराठी बाईचे हेही एक चित्र आहे. त्यात कोट घालून खिडकीशी बसणे कोठेच नाही.

खरी अडचण कुलीनतेची नसून आळसाची आहे, असा मला संशय येतो. मायेविषयी लिहावयास स्मरण पुरते. कारभाराविषयी लिहावयाचे तर विचारपूस करावी लागते, आत्याशी तासभर बोलावे लागते, मोडीतला एखादा कागद जाणत्याकडून वाचून घ्यावा लागतो, आणि क्वचित आपल्या वडिलांविषयी नको असलेली माहितीही हाती लागते. ज्यांच्या आजी हयात आहेत त्यांनी तर हे काम लांबणीवर टाकूच नये. तिला ‘तुझ्या वेळच्या गमती सांग’ असे म्हटले तर ती गमतीच सांगेल. तिला विचारावे की पहिल्यांदा सही कोणत्या कागदावर केलीस; कर्ज कोणाचे काढलेस आणि फेडले कसे; कोणाला घरात घेतले नाहीस; दिराशी अबोला किती वर्षे होता आणि तो कोणी मोडला. प्रश्न नेमका असला की म्हाताऱ्या माणसाचे उत्तरही नेमके येते, हा माझा अनुभव आहे.

संपादक मंडळास माझी एक विनंती आहे. यापुढे आजींवरचा लेख स्वीकारताना त्यात तिचे माहेरचे नाव, तिचे गाव आणि तिने घेतलेला निदान एक असा निर्णय, की ज्याला घरातून विरोध झाला होता, एवढे तरी असावे असा दंडक घालावा. स्वयंपाकाला एक परिच्छेद राखून ठेवण्यास माझी हरकत नाही. आमच्या घरच्या दिवाळीच्या चकल्या पंचक्रोशीत नावाजलेल्या होत्या. मात्र त्या शेजारच्या काकू करून देत असत, आणि आजी त्यांना त्याबद्दल भाजणीसह रोख मजुरी देई. वहीत तीही नोंद आहे.