तराजू पुसणारे मामा

मी बी.ए. मराठीची बाई. लिनक्स हा शब्द सत्तरी ओलांडल्यावर नातवाकडून शिकले. तो कणभौतिकीत पीएच.डी. करतोय. सुट्टीला आला होता तेव्हा 'सायंटिफिक लिनक्स'ची गोष्ट सांगत बसला. ती अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितेय.

२००३ च्या सुमारास रेड हॅट कंपनीने आपलं मोफत लिनक्स थांबवून वर्गणीच्या आवृत्तीवर भर दिला. मोठ्या प्रयोगशाळांत संगणक हजारोंनी. एवढी वर्गणी कोण भरणार? पण मूळ प्रोग्रॅम खुला होता. शिकागोजवळची फर्मीलॅब आणि जिनिव्हाजवळची सर्न यांनी तो घेतला, कंपनीची नावं-चिन्हं काढली, पुन्हा बांधला आणि २००४ मध्ये सर्वांना मोफत दिला.

मला वाटलं, शास्त्रज्ञांसाठी म्हणजे आत काहीतरी अद्भुत भरलं असणार! नातू हसला. "उलट आजी, शक्य तेवढं मूळासारखंच ठेवलं होतं. ज्याला जी भर हवी ती त्याने घालावी." खरं काम पुढेच. सुरक्षेच्या दुरुस्त्या देत राहायचं, पण पायाखालची जमीन हलू द्यायची नाही. सातवी आवृत्ती २०१४ ला आली, ती ३० जून २०२४ पर्यंत सांभाळली. कारण मधेच गणिताची साधनं बदलली, तर उत्तराचे शेवटचे आकडेही बदलू शकतात. मग फरक निसर्गातला की यंत्रातला, हे कसं कळणार?

मला आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतले मामा आठवले. तराजू पुसायचे, वजनं चिमट्यानेच उचलायला लावायचे. ते निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी एकाच खड्याचं वजन प्रत्येक मुलाचं वेगळं! तोवर मामा काय करतात, हे आम्हा शिक्षकांनाही ठाऊक नव्हतं.

२०१९ मध्ये फर्मीलॅबने ठरवलं, आठवी आवृत्ती काढायची नाही. सेंटओएस तेच काम करतंय, दोनदा कशाला? पटण्यासारखंच होतं. पण २०२० च्या डिसेंबरात रेड हॅटने जाहीर केलं, सेंटओएस लिनक्स ८ वर्षभरात बंद. पुन्हा शोधाशोध. शेवटी २०२२ च्या डिसेंबरात दोन्ही प्रयोगशाळांनी अल्मालिनक्स निवडलं.

गाडी रुळावर आली, हे खरं. पण माझं मत असं, की दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी गोड असलं तरी आपला दोर-बादली मोडीत काढू नये. बांधायला येणारे चार हात संस्थेने पगार देऊन सांभाळावेत, आणि त्यांचं काम संशोधनातच धरावं. २०१२ मध्ये हिग्ज बोसॉन सापडल्याचं जाहीर झालं, त्यामागच्या जगभरच्या संगणकांपैकी पुष्कळांवर सायंटिफिक लिनक्स होतं. पण हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं?

असो. नातवाला म्हटलं, "प्रबंधाच्या ऋणनिर्देशात एक ओळ त्या मंडळींसाठी घाल." म्हणाला, "आजी, अशी पद्धत नाहीये गं."

नसेल. तू पाड की!