इव्हतो ते फणसवळे

आनी एर्नो यांना ऑक्टोबर २०२२ मध्ये साहित्याचं नोबेल पारितोषिक जाहीर झालं. साहित्याच्या नोबेलच्या मानकरी ठरलेल्या त्या पहिल्या फ्रेंच स्त्री. जन्म १९४० चा, नॉर्मंडीतला. आईवडिलांनी इव्हतो या छोट्या गावात किराणा दुकान आणि त्याला जोडून खानावळवजा कॅफे चालवला. मुलगी शिकली, शिक्षिका झाली आणि शिकता शिकताच आईवडिलांच्या जगापासून लांब गेली. शिक्षक होण्याची परीक्षा ती पास झाली आणि दोनच महिन्यांनी, १९६७ मध्ये, वडील वारले.

या वडिलांवर लिहायला त्यांना वाट सापडत नव्हती. पहिली तीन पुस्तकं कादंबऱ्या होत्या. चौथ्या वेळी त्यांनी काल्पनिक पात्रं बाजूला ठेवली, अलंकार उतरवले आणि घरी पत्र लिहावं तशा साध्या भाषेत वडिलांची हकिकत मांडली. १९८३ साली आलेलं ‘ला प्लास’ हे ते जेमतेम शंभर पानांचं पुस्तक. दुसऱ्या वर्षी त्याला रनोदो पारितोषिक मिळालं. पुढे आईवरचं पुस्तक आलं, गर्भपातावरचं आलं, २००८ मध्ये ‘लेझाने’ आलं. शिक्षणातून गरीब-श्रीमंतीची दरी कशी टिकून राहते हे सांगणारे समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू आणि स्त्रीवादी लेखिका सिमोन द बोव्हार, या दोघांचं ऋण एर्नो उघडपणे मानतात. दिदिए एरिबों आणि एदुआर लुई हे नंतरचे लेखक त्याच वाटेने आपापल्या कष्टकरी घरांकडे परतले. असा मागचा-पुढचा गोतावळा असला की लेखिका एकटी राहत नाही. तिच्या पुस्तकांना परंपरेत जागा मिळते.

नोबेलनंतर मराठीतही एर्नोंवर भरभरून लिहिलं गेलं, ते योग्यच झालं. पण ते वाचताना उर्मिला पवार यांची आठवण फार थोड्यांना झाली.

पनवेलहून गोवा महामार्गाला लागलं की आधी महाड येतं आणि पुढे रत्नागिरीचा फाटा. रत्नागिरीजवळचं फणसवळे हे उर्मिला पवार यांचं गाव. जन्म १९४५ चा, एर्नोंपेक्षा पाचच वर्षांनी धाकट्या. वडील प्राथमिक शिक्षक होते, मुलांनी शिकलंच पाहिजे अशा जिद्दीचे. ते लवकर गेले. मग आईने बांबूची सुपं, टोपल्या, रोवळ्या विणून मुलं वाढवली. इतरत्र हे काम बुरूड समाज करतो, कोकणात ते महारांकडे होतं आणि या वस्तूंना आयदान म्हणत. पवारांच्या आत्मकथनाचं नावही तेच. ‘ग्रंथाली’ने ते २००३ मध्ये प्रकाशित केलं. मुलगी शिकली, सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागली, मुंबईला आली, संसार सांभाळून मराठीत एम.ए. झाली. आपलं शिक्षण आणि लिखाण घरात किती खटकत होतं, हेही त्यांनी ‘आयदान’मध्ये आडपडदा न ठेवता सांगितलं आहे.

दोघींच्या लिखाणाच्या मुळाशी एकच भावना आहे. लाज. एर्नोंनी तर १९९७ मध्ये त्याच नावाचं पुस्तक लिहिलं: अकरा वर्षांच्या मुलीने वडिलांना आईच्या जिवावर उठलेलं पाहिलं आणि त्या रविवारपासून आपलं घर इतरांच्या नजरेतून तोलायला सुरुवात केली. पवारांची ‘कवच’ ही कथा वाचावी. आई बाजारात आंबे विकायला बसते, गिऱ्हाइकं आंब्यांवरून दुअर्थी बोलतात आणि शाळकरी मुलगा शरमेने अर्धमेला होतो. आईला मात्र कुणाच्या संरक्षणाची गरज नसते, तिची जीभ पुरेशी असते. मराठी कथेत मुलाची लाज आणि आईची ताकद इतक्या थोड्या जागेत एकत्र आणणाऱ्या गोष्टी फार नाहीत.

फरकही मोठा आहे आणि तो पुसू नये. इव्हतोच्या दुकानदाराची मुलगी शिकली की वर्ग ओलांडते. फणसवळ्याची मुलगी शिकली, नोकरीला लागली, शहरात आली, तरी जात तिच्यामागोमाग येते. भाड्याची खोली शोधतानाही येते. म्हणून एर्नोंचं लिखाण एका ‘मी’भोवती फिरतं, तर ‘आयदान’ सुरुवातीलाच डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला ओझी नेणाऱ्या बायकांच्या घोळक्यात शिरतं. ते सरळ कालक्रमाने चालत नाही. आई, आत्या, शेजारणी, मैत्रिणी यांच्या हकिकतींतून लेखिकेची हकिकत विणली जाते.

पवारांचा गोतावळाही तसाच भरघोस आहे. मागे दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८), कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ आणि बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आहे. सोबत मीनाक्षी मून आहेत. पवार आणि मून या दोघींनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून काढलं, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केलं. आपल्या रायगड जिल्ह्याला तर हे पुस्तक घरचंच वाटायला हवं. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाला स्त्रियाही होत्या आणि त्या डिसेंबरात बाबासाहेब त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलले होते. चवदार तळ्याच्या भाषणांत या बायांचा उल्लेख अजूनही ओझरताच होतो.

‘आयदान’चा माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकाशनापर्यंत पोचला. सुषमा देशपांडे यांनी ते रंगमंचावर आणलं. महाराष्ट्र साहित्य परिषदेने लक्ष्मीबाई टिळक पुरस्कार दिला तेव्हा पवारांनी तो नाकारला. समारंभाची सुरुवात सरस्वतीवंदनेने होते, एकाच धर्माची प्रतीकं सगळ्या मराठी साहित्यावर का लादायची, असा त्यांचा सवाल होता. परिषदेने आणि वाचकांनी त्यावर नीट वाद घालायला हवा होता. आजही घालता येईल.

पण खरा अन्याय वाचनात होतो. एर्नोंचं पुस्तक हाती आलं की आपण शैलीबद्दल बोलतो, कोरड्या वाक्यांचं बळ उलगडून दाखवतो. ‘आयदान’ हाती आलं की ‘दाहक वास्तव’, ‘धगधगता अनुभव’ असे ठरलेले शब्द येतात आणि चर्चा संपते. जणू पॅरिसमध्ये साहित्य लिहिलं जातं आणि फणसवळ्यात फक्त सोसलं जातं. उर्मिला पवार या आधी लेखिका आहेत. ‘सहावं बोट’ आणि ‘चौथी भिंत’ हे कथासंग्रह ‘आयदान’च्या बारा-पंधरा वर्षं आधी आले, आणि आत्मकथनातलं निवेदनाचं कसब तिथेच घडलं.

पनवेल, अलिबाग, पेण, महाड इथे वाचनालयं आहेत, वाचक मंडळं आहेत, महाविद्यालयांत मराठीचे विभाग आहेत. त्यांनी या वर्षी ‘आयदान’ आणि ‘ला प्लास’ ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचायला घ्यावीत. ‘ला प्लास’ इंग्रजीत ‘अ मॅन्स प्लेस’ या नावाने मिळतं. आणि चर्चा दुःखापासून सुरू न करता भाषेपासून, रचनेपासून सुरू करावी.