वेग उतरला, करार कुणाशी आहे?

जोगेश्वरीत इंटरनेट बऱ्याच घरांत केबलवाल्याच्या ओळखीने आलं. मेघवाडी असो, केव्हज रोड असो की बेहरामबाग. ज्याने आधी टीव्हीची केबल दिली, त्यानेच पुढे त्याच डक्टमधून फायबर ओढली. पैसे त्याच्याच नंबरवर जीपे होतात, पावती व्हॉट्सॲपवर येते किंवा येतच नाही, आणि तक्रार ऐकायलाही त्याचाच पोरगा येतो. सगळं सुरळीत असतं तोवर यात वावगं काही नाही. पण शंभर एमबीपीएसचं कनेक्शन चाळीसवर आलं की पहिला प्रश्न उभा राहतो: आपला करार कुणाशी आहे? परवाना असलेली कंपनी वेगळी, तिचा वितरक वेगळा, आणि आपण पैसे देतो तो माणूस तिसराच.

वेग उतरण्याची कारणंही एक नसतात. ‘अनलिमिटेड’ म्हणून विकलेल्या प्लॅनला बहुधा डेटाची मर्यादा असते. मोठ्या कंपन्यांच्या कित्येक प्लॅनमध्ये ती महिन्याला ३३०० जीबी आहे. ती संपल्यावर वेग कमी करणं बेकायदा नाही, पण ते आधी सांगावं लागतं. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने ३१ ऑक्टोबर २०१६च्या निर्देशात मर्यादा किती, तोवर वेग किती आणि त्यानंतर किती, हे ग्राहकाला स्पष्ट कळवायला सांगितलं. घरच्या कनेक्शनचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये, असंही बजावलं. पुढे २०२३ मध्ये सरकारने ब्रॉडबँडची व्याख्याच किमान २ एमबीपीएसवर नेली. म्हणजे त्या निर्देशातला तळ आजच्या व्याख्येच्या पाव भागावर येतो. असल्या संरक्षणावर कुणी फार विसंबू नये.

दुसरं कारण गर्दीचं. एकच बँडविड्थ अनेक घरांत वाटली जाते; ट्रायच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनांनी घरगुती ग्राहकांसाठी ही वाटणी १:५० पर्यंत धरली होती. दुपारी नीट चालणारं नेट रात्री नऊ ते अकरा रडतं, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. जाहिरातीतला ‘अप टू’ हा शब्द नेमका इथे कंपनीच्या मदतीला येतो.

खरं सावध राहायचं ते तिसऱ्या प्रकारापासून. किंमत तीच, प्लॅनचं नावही तेच किंवा जवळपास तेच, आणि रिन्युअलनंतर आतला आकडा मात्र बदललेला. हे फक्त गल्लीतल्या केबलवाल्याकडेच घडतं असं नाही. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा या दूरसंचार कंपनीच्या ‘बेलाँग’ या ब्रँडने २०२०च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुमारे नऊ हजार ग्राहकांचा अपलोडचा वेग ४० वरून २० एमबीपीएसवर आणला. ग्राहकांना कळवलं नाही, दरही कमी केला नाही. डाउनलोड तेवढाच राहिल्याने पुष्कळांच्या ते लक्षातही आलं नसणार. तिथल्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने कंपनीला कोर्टात खेचलं आणि फेडरल कोर्टाने ग्राहकांची दिशाभूल झाल्याचा निर्वाळा दिला. आपल्याकडे असा आयोग आपणहून दारात येईल, या भरवशावर राहू नये. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. ते तिचं कामच नाही.

म्हणून पुरावा आपणच गोळा करायचा. मोबाइलवर, बेडरूमच्या कोपऱ्यात, वायफायवर घेतलेली स्पीड टेस्ट काही सिद्ध करत नाही. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, बाकीची उपकरणं बंद करा आणि सकाळ, दुपार, रात्र अशा टेस्टचे तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट ठेवा. राउटरचा पोर्टही तपासा. जुन्या स्वस्त राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. दोनशेचा प्लॅन घेऊन पंचाण्णव दिसत असेल, तर दोष कंपनीच्या माथी मारता येणार नाही. घेतलेल्या दिवशीचं प्लॅनचं पान, रिन्युअलचा मेसेज आणि कंपनीच्या नावाचं बिल जपून ठेवायचं. बिल वितरकाच्या नावाचं असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये आपला कस्टमर आयडी आणि चालू प्लॅन काय दिसतो, ते पाहून घ्यायचं. पुष्कळदा उलगडा तिथेच होतो.

तक्रार कंपनीच्या केंद्रात करून डॉकेट नंबर घ्यावा. केबलवाल्याला केलेला फोन ही तक्रार नव्हे. उत्तर पटलं नाही तर ट्रायच्या २०१२च्या नियमांनुसार ३० दिवसांत कंपनीच्याच अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे.

त्यापुढचा दरवाजा काही वर्षं जवळपास बंद होता. २००९च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने १८८५च्या टेलिग्राफ कायद्यावर बोट ठेवल्यामुळे कंपन्या ग्राहक मंचात ‘हे तुमच्या अखत्यारीत नाही’ असं म्हणून मोकळ्या होत. १६ फेब्रुवारी २०२२ला व्होडाफोन आयडियाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने हा अडसर दूर केला. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर सेवेच्या व्याख्येत दूरसंचार नाव घेऊनच घातलं आहे. जोगेश्वरीकराला त्यासाठी वांद्र्याच्या उपनगर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि तक्रार घटनेपासून दोन वर्षांत करायची असते.

पण सातशे रुपयांच्या नेटसाठी वांद्र्याला कोण खेपा घालणार? हा हिशेब कंपन्यांनाही ठाऊक आहे. ग्राहकाची खरी ताकद सोडून जाण्यात असते, आणि ती आपण स्वतःच विकतो: वर्षाचे पैसे एकदम भरले की एक-दोन महिने फुकट, या आमिषाला भुलून. तिसऱ्या महिन्यात वेग उतरला तर उरलेले पैसे अडकलेले असतात. त्यात अनेक इमारतींत, विशेषतः झोपडपट्टी पुनर्वसनाच्या (एसआरए), सोसायटीच्या कमिटीने एकाच ऑपरेटरला वायर टाकू दिलेली असते. मग सोडून जायचं तरी कुणाकडे? कमिटीने दुसऱ्याला परवानगी दिली की पहिल्याचा वेग कसा सुधारतो, हे पाहण्यासारखं असतं. ते होईपर्यंत महिन्याचंच रिचार्ज बरं, थोडं महाग पडलं तरी.

आणि वांद्र्याला जायचीच वेळ आली तर एकट्याने जाऊ नये. एकाच प्रकारे फसलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करण्याची सोय ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ मध्ये आहे. ग्राहक संस्थाही ती करू शकते. १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत विलेपार्ल्याला, म्हणजे जोगेश्वरीहून दोन स्टेशनांवर आहे. चाळीस घरांचे स्क्रीनशॉट एका फाइलमध्ये असतील, तर ‘तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम असेल’ हे उत्तर देणं कंपनीच्या वकिलालाही अवघड जातं.