फुकट आणि मोकळे

मंडळाच्या वाचनालयातील जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालावे, असे आम्ही गेल्या बैठकीत सुचविले तेव्हा दोन आक्षेप निघाले. एक असा, की फुकट मिळणाऱ्या वस्तूची लायकी आपणां सर्वांस ठाऊक आहेच. दुसरा असा, की विंडोज असताना हा खटाटोप कशाला. बिघडलेच तर कुणाचा तरी पुतण्या येऊन पुन्हा ‘टाकून’ देतो. पहिला आक्षेप अज्ञानातून आला असल्याने आम्हांस त्याचा राग नाही. दुसऱ्याचा आहे.

हा पुतण्या जे टाकून देतो ते काय असते? ते बहुधा परवान्याचे कुलूप मोडलेली प्रत असते. शेजारच्या घरून आणलेली साखरेची वाटी परत केल्याखेरीज आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना चैन पडत नाही. दुसऱ्याच्या बागेतील आंबा उचलला म्हणून पोराच्या पाठीत धपाटा बसतो. त्याच घरांत चोरीची प्रणाली वर्षानुवर्षे नांदते, आणि तिच्यावर सत्यनारायणाच्या पूजेचे निमंत्रण टंकले जाते! कुलूप मोडून आत येणाऱ्याबरोबर आणखी कोण कोण आत शिरले, हेही कुणी विचारीत नाही. परवान्याचे पैसे मोजून विंडोज वापरणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. मात्र ज्यांनी आजवर एक पैसा मोजला नाही, त्यांनीच लिनक्सला ‘फुकटचे’ म्हणून नाक मुरडावे, हे आम्हांस मानवत नाही.

आता फुकट आणि मोकळे यांतील अंतराविषयी. इंग्रजीत दोहोंसाठी एकच शब्द असल्याने रिचर्ड स्टॉलमन यांना जन्मभर खुलासे करावे लागले. मराठीला ती अडचण नाही. १९८३ साली त्यांनी जी चळवळ जाहीर केली, तिचा आग्रह एवढाच होता की ज्याच्या हाती प्रणाली आहे त्याला ती उघडून पाहण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्यास देण्याची मुभा असावी. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो याच शर्तीच्या परवान्याखाली आणला. ती शर्त आपल्याला परकी वाटू नये. पोथी उतरवून घेण्याची रीत आपल्याकडे होतीच. उतरवून घेणाऱ्याने पुढच्याला नाही म्हणू नये, एवढे कलम तिला जोडले की या परवान्याचे मर्म कळते.

पण आमचा मूळ मुद्दा नीतीचा नाही, भाषेचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिले. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून वैनगंगेच्या या काठावर ज्यांची घरे आहेत, त्यांच्या भाषेला तेव्हापासून शासनाचा आधार नाही. त्याची तक्रार आता करू नये. मात्र परिणाम पाहावा. आपल्या लग्नपत्रिका ज्या दुकानांत जुळविल्या जातात तिथे सारे हिंदीच्या सोयीचे असते. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात, ‘ळ’ शोधावा लागतो, ‘तऱ्हा’ आणि ‘कैऱ्या’ लिहिताना जोडाक्षर भलतेच होते. दुकानदाराचा यात दोष नाही. मूठभर मराठी घरांसाठी तो किती झटणार? बाजार गिऱ्हाइकांची संख्या पाहतो, आणि आपली संख्या आपण जाणतोच.

मोकळ्या प्रणालीत संख्येचे हे बंधन सैल होते. ज्याला गरज आहे तो काम करतो आणि ते सर्वांचे होते. रेड हॅटने २००४ साली खुले केलेले ‘लोहित’ फॉन्ट (लोहित म्हणजे तांबडा, नावातली गंमत लक्षात यावी) आणि मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ कुणीही घ्यावेत, वाटावेत, सुधारावेत. केरळने २००० च्या दशकातच शालेय संगणक-शिक्षण लिनक्सवर आणले, आणि मलयाळमचे फॉन्ट ‘स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग’च्या स्वयंसेवकांनी घडविले.

उलट बाजू आम्ही स्वतः भोगली आहे. या पत्रिकेचे कित्येक जुने अंक एका बंदिस्त मांडणी-प्रणालीत आणि तिच्याच फॉन्टात जुळविले गेले. ती प्रणाली आता मिळत नाही. सीडी आहेत, फायली आहेत. उघडल्या तर इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसते. दिवंगत सभासदांचे लेख आमच्याच कपाटात आहेत आणि आम्हांलाच वाचता येत नाहीत. छापील प्रती उरल्या म्हणून लाज राखली गेली. आता त्या पाहून एकेक लेख पुन्हा टंकावा लागत आहे.

कुणी म्हणेल, युनिकोडमधील मराठी विंडोजवरही नीट चालते. चालते, हे आम्ही मान्य करतो. पण किती दिवस? विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि साधारण २०१७ पूर्वीचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ अधिकृतपणे स्वीकारीत नाही. यंत्र धडधाकट, पडदा स्वच्छ, कळा शाबूत. तरी ते भंगारात काढायचे, कारण दूर कुठेतरी तसा निर्णय झाला. वाचनालयातील लॅपटॉप याच जातीचा आहे.

त्यावर आम्ही लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती चालवून पाहिली. उबुंटू, डेबियन, फेडोरा हेही चांगले पर्याय आहेत. चार जीबी स्मृतीच्या जुन्या यंत्राला मिंट झेपते आणि विंडोजची सवय असलेल्यास परके वाटत नाही, म्हणून ते निवडले. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून ते आधी नुसते चालवून पाहता येते. मूळच्या विंडोजला धक्का लागत नाही. कायमचे बसविण्यापूर्वी मात्र सर्व फायलींची प्रत काढून ठेवावी. कळपाटांच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट निवडले, की शिफ्टसह जे दाबल्यास ‘ऱ’ आणि शिफ्टसह एन दाबल्यास ‘ळ’ मिळतो. आठवडाभर बोटे अडखळतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सवरील पाठ मराठीतूनही आहेत.

अडचणी लपविण्यात अर्थ नाही. आमच्या लॅपटॉपचे वायफाय पहिल्या दिवशी चाललेच नाही. भ्रमणध्वनी तारेने जोडून इंटरनेट घेतले, मग त्याचा ड्रायव्हर बसविला. मेनूंचे मराठी भाषांतर जागोजागी अपुरे आहे. ज्यांचा हिशेब टॅलीवर चालतो किंवा ज्यांना रोज डिजिटल सहीचे टोकन लागते, त्यांनी आपली विंडोज सोडू नये. वाचनालयात यांपैकी काही होत नाही. तिथे लेख टंकले जातात, पत्रे लिहिली जातात, जुने कागद स्कॅन होतात.

जुन्या कागदांवरून आठवले. आपल्यापैकी अनेकांच्या ट्रंकांत मोडीतील सनदा आणि वह्या आहेत. मोडी लिपी २०१४ साली युनिकोडमध्ये आली, आणि ‘नोटो’ मालिकेतील तिचा फॉन्ट खुल्या परवान्याने मिळतो. तो आम्ही बसविला आहे. मोडी वाचू शकणारे दोघेच ज्येष्ठ आता मंडळात आहेत. पुतण्यांनी त्यांच्याशेजारी बसून ते वाचतील तसे टंकायला घ्यावे.

लॅपटॉप खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला आहे. पुढील अंकाचे लेख पेन ड्राइव्हवर आणणाऱ्यांनी ते युनिकोडमध्येच आणावेत. जुन्या फॉन्टातील फाइल आम्ही स्वीकारणार नाही. त्यापेक्षा हाताने लिहिलेला कागद द्यावा.