दुरून पाहणारा डोळा : जुना बरा की नवा?



शहाद्याकडच्या एका भगिनीने विचारले आहे, "मुलाला पाखरांचे फोटो काढायचा नाद आहे. त्याच्याकडे निकॉनचा पी-900 आहे. आता तो म्हणतो, जुना विकून पी-1000 घेऊ. कापसाच्या पैशातून घ्यावा का?"

ताई, मुलाचा नाद वाया जाणारा नाही. 1884 नंतर रानपिंगळ्याचा खात्रीचा ठावठिकाणा नव्हता. पक्षी नामशेष झाला असेच धरून चालले होते. नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अभ्यासकांना तो आपल्या शहाद्याजवळच्या रानात दिसला. त्यांनी त्याचे चित्रण केले. पाखरू मारून पुरावा आणण्याची गरज उरली नाही. कॅमेऱ्याची किंमत इथे कळते.

आता हिशेब करू. 2015 चा पी-900 दूरचे 83 पट जवळ आणतो, 2018 चा पी-1000 हा 125 पट. म्हणजे झाडावरचे तेच पाखरू नव्यात दीडपट मोठे दिसेल. पण फोटोचे बारकावे दोघांतही 16 मेगापिक्सेलच. शिवाय पुरते जवळ आणले, की नव्यात जुन्याच्या दोन तृतीयांशच उजेड शिरतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला फोटो दाणेदार येतो, हात जरा हलला तरी पुसट होतो.

वजनही पाहा. जुना सुमारे 900 ग्रॅम, नवा 1400 ग्रॅमच्या वर. तोरणमाळचा चढ गळ्यात अडकवून चढायचा, तर अर्धा किलो जाणवतो. एका चार्जिंगवर जुना साधारण 360 फोटो काढतो, नवा 250.

नव्याची बाजूही सांगतो. त्याचे चित्रण अधिक स्वच्छ आहे, आणि मागाहून सुधारता येणारा कच्चा फोटो तो ठेवतो. हे जुन्यात नाही. 2025 मध्ये आलेल्या पी-1100 ची झेपही 125 पटच आहे.

आणखी एक. दुपारी नांगरलेल्या रानावर ऊन कसे लवलवते, ते आपण रोज पाहतो. त्या हवेतून 125 पट काय किंवा 83 पट काय, पाखरू थरथरतेच. त्याला कॅमेरा बदलणे हा उपाय नाही. सकाळी लवकर जाणे हा आहे.

म्हणून ताई, जुना धड असेल तर विकू नका. त्याला एक भक्कम तिवई आणि जादा बॅटरी घेऊन द्या. बाकीचे पैसे बियाण्याला ठेवा. जुना बिघडला, किंवा मुलाला चित्रणाचेच काम मिळाले, तर नव्याचा विचार करा.

आणि त्याला एक सांगा : घरटे दिसले तर फोटो दुरूनच काढ, जागा कुणाला सांगू नकोस. मैनेएवढे ते पाखरू एवढ्या वर्षांनी आपल्याच रानात सापडले. ते तिथेच राहू दे.