अंगावरचा रंग आणि पायांखालचे मैदान

शहादा तालुक्यातील म्हसावद हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. येथून तोरणमाळकडे निघालेला रस्ता डोंगरात शिरतो. त्या डोंगरपट्ट्यात, पश्चिमेला अक्कलकुवा तालुक्यातील काठीपर्यंत, होळीच्या दिवसांत नवस केलेले आदिवासी पुरुष बुध्या होतात. अंगभर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू असा त्यांचा साज असतो. व्रताचे दिवस ते कडक नेम पाळतात, रात्रभर नाचतात, आणि सण सरला की साज उतरवून शेतावर किंवा मजुरीला परततात. त्यांना गावात कोणी विक्षिप्त म्हणत नाही.

अंग रंगवणारा दुसरा एक माणूस दूरचित्रवाणीमुळे आता खेड्यापाड्यांत परिचयाचा झाला आहे. बिहारमधील मुझफ्फरपूरचे सुधीर कुमार चौधरी हे भारताच्या क्रिकेट सामन्यांना सर्वांगास तिरंगी रंग लावून, छातीवर तेंडुलकर यांचे नाव व १० हा आकडा रेखून, हाती राष्ट्रध्वज आणि शंख घेऊन उभे असतात. २००३ मध्ये ते मुझफ्फरपूरहून मुंबईपर्यंत सायकलवर आले. क्रिकेटपायी त्यांनी नोकरी सोडली, संसार मांडला नाही. सामन्याच्या आदल्या रात्री अंगाला रंग लावायचा आणि तो बिघडू नये म्हणून धड निजायचेही नाही, असा त्यांचा परिपाठ. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडे मैदानावर भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा सचिन तेंडुलकर यांनी त्यांना खेळाडूंच्या दालनात बोलावून चषक हाती दिला. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याच मैदानावर तेंडुलकर निवृत्त झाले. चौधरी यांची वारी मात्र थांबली नाही.

असा माणूस कौतुकास पात्र आहे काय? चळवळीतील कार्यकर्ता या प्रश्नाकडे बहुधा तुच्छतेने पाहतो. पोटापाण्याचे प्रश्न सोडून चेंडूफळीसाठी आयुष्य उधळणारा मनुष्य त्याला भांडवली करमणुकीचा बळी वाटतो. याउलट वर्तमानपत्रे त्याच मनुष्यास भक्तश्रेष्ठ ठरवून मोकळी होतात. दोन्ही उत्तरे सोपी आहेत, आणि दोन्हींत त्या माणसाला माणूस म्हणून पाहण्याचे कष्ट टाळलेले आहेत.

प्रथम त्याच्या बाजूचे बोलले पाहिजे. २००८ मध्ये याच महाराष्ट्रात उत्तर भारतीय श्रमिकांना मारहाण झाली. रेल्वेच्या परीक्षेसाठी मुंबईस आलेल्या तरुणांनाही ते परप्रांतीय म्हणून चोप देण्यात आला. त्या काळातही बिहारचा हा मनुष्य एका मराठी खेळाडूचे नाव छातीवर मिरवीत देशभर हिंडत होता. प्रांताभिमानाचा बाजार मांडणाऱ्यांना याहून बोलके उत्तर कोणते? जात, भाषा, प्रांत यांपैकी काहीही सामायिक नसताना केवळ दुसऱ्याच्या कौशल्यावर लुब्ध होणे हा मनाचा मोठेपणाच आहे. २०१८ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत आशिया चषकाचे सामने झाले, तेव्हा चौधरी यांच्या प्रवासाचा भार उचलला तो मोहम्मद बशीर या पाकिस्तानी संघाच्या चाहत्याने. ‘शिकागो चाचा’ म्हणून ओळखले जाणारे हे गृहस्थ स्वतः पाकिस्तानी वंशाचे. दोन देशांची सरकारे एकमेकांशी बोलावयास तयार नसताना दोन चाहत्यांनी हे करून दाखवले. श्रीलंकेचे पर्सी अबेसेकरा दशकानुदशके ध्वज घेऊन आपल्या संघामागे उभे राहिले, पण पाहुण्या खेळाडूंचेही त्यांनी तितक्याच प्रेमाने स्वागत केले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा परदेशांतील खेळाडूंनाही हळहळ वाटली. वैर न बाळगता निष्ठा ठेवता येते, हे या मंडळींनी सिद्ध केले. राजकारणातील पुष्कळांना हा धडा घेण्याजोगा आहे.

परंतु येथेच थांबणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे होय. क्रिकेट हा आता केवळ खेळ राहिलेला नाही. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. हा पैसा केवळ फलंदाजीला व गोलंदाजीला मिळत नाही. रिकाम्या मैदानावरचा सामना पाहवत नाही, हे करोनाच्या काळात सर्वांनी अनुभवले. खचाखच भरलेली गॅलरी, तिचा घोष, तिचे रंग हाही विकल्या जाणाऱ्या मालाचा भाग आहे. षटकांच्या मधल्या विसाव्यात कॅमेरा रंगवलेल्या देहाकडे वळतो, तेव्हा त्या मनुष्याचे जागरण, त्याचा प्रवास, त्याची उपासमार ही सारी कुणाच्या तरी नफ्यात जमा होत असते. त्याचा मोबदला म्हणून त्याला मिळते ते एखादे तिकीट, क्वचित खेळाडूचा हात, आणि दुसऱ्या दिवशी छापून आलेले छायाचित्र. आपण श्रम करीत आहोत याची जाणीवही त्या श्रमिकास नसावी, यापेक्षा मालकवर्गास सोयीची व्यवस्था कोणती असणार? तेव्हा चाहत्याचे कौतुक सर्वांत मोठ्याने कोण करतो आणि त्या कौतुकात कोणाचा लाभ आहे, हेही पाहिले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की, धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, राजकारणात मात्र ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. खेळातील भक्ती त्यामानाने निरुपद्रवी दिसते. तरीही सवय ही सवयच असते. एका माणसाच्या नावापुढे स्वतःचे नाव पुसून टाकण्यास जो समाज टाळ्या वाजवतो, तो समाज उद्या पुढाऱ्याचे चित्र छातीवर गोंदवून घेणाऱ्यासही टाळ्या वाजवील. किंबहुना वाजवू लागलाच आहे. पुढाऱ्यांचे मुखवटे घालून प्रचारसभांत नाचणारे तरुण आज सर्व पक्षांच्या मंडपांत दिसतात. त्यांतील किती जणांनी त्या पक्षाचा जाहीरनामा वाचला असेल?

या ठिकाणी सातपुड्यातील बुध्या पुन्हा आठवतो. त्याचा नवस श्रद्धेतून येतो आणि त्या श्रद्धेची चिकित्सा ज्याने त्याने करावी. पण त्याच्या साजाला एक मर्यादा आहे. तो ज्या उत्सवासाठी सजतो, त्या उत्सवात तो स्वतः नाचतो. तेथे तिकीट नाही आणि राखीव खुर्च्याही नाहीत. नेमाचे दिवस संपले की तो गावातील इतरांसारखाच एक होतो. क्रिकेटच्या रंगवलेल्या चाहत्याला मात्र मैदानात पाऊल टाकण्याची मुभा नसते. खेळणारे थोडे, पाहणारे कोट्यवधी आणि मालक मूठभर, अशी ही रचना आहे. चाहत्याने रंग उतरवला तर त्या रचनेत त्याला कोणी ओळखणारही नाही. म्हणूनच तो रंग उतरत नाही. यात दोष त्याचा नाही. ज्या समाजाने त्याला ओळख मिळवण्याचा दुसरा मार्गच ठेवला नाही, त्या समाजाचा आहे.

मग खेळावरील प्रेमाचे योग्य रूप कोणते? त्यासाठी दूर जावयास नको. १९५२ मध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले, तेव्हा त्यांच्यापाशी प्रवासाचे पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि पुढे खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून ते कर्ज फेडले. खर्डेकरांनी अंग रंगवले नाही. पण चाहता म्हणून त्यांची योग्यता कोण नाकारील? त्यांच्या प्रेमातून एक खेळाडू उभा राहिला. त्यानंतर महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली. २०२४ मध्ये पॅरिसला राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी नेमबाजीत ते मिळवले. वानखेडेवर एवढा जल्लोष करणाऱ्या राज्याची ही दुसरी बाजू आहे.

नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर शंभरांत एकोणसत्तर माणसे आदिवासी आहेत. डोंगर चढून शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पायांत बळ आणि छातीत दम असतो. तो दम ओळखणारा शिक्षक आणि धावण्यास सपाट जागा त्यांना हवी. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असलेच पाहिजे, असे स्पष्ट नमूद आहे. ते असणे हा मुलांचा हक्क आहे. म्हसावद परिसरातील कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या शाळेत व आश्रमशाळेत जाऊन एवढेच पाहावे, की कायद्यातील ते क्रीडांगण जमिनीवर आहे की कागदावर. नसेल तेथे ग्रामसभेत ठराव मांडावा, पंचायत समितीकडे पाठपुरावा करावा. आणि गावात कबड्डीचा किंवा धावण्याचा सामना असेल, त्या दिवशी बैठक पुढे ढकलून मैदानाच्या कडेला उभे राहावे. पाड्यावरच्या मुलीच्या नावाने कोणी मोठ्याने ओरडले, तर तिला ते जन्मभर पुरते.

रंगवलेल्या चाहत्याची टवाळी करू नये. त्याचे सायकलवरील हजारो मैल, त्याची निरपेक्षता, प्रांताच्या आणि देशाच्या सीमा ओलांडणारे त्याचे प्रेम हे सारे आदरास पात्र आहे. परंतु तरुणांपुढे आदर्श म्हणून त्याला उभे करू नये. त्याच्या मागे उभ्या असलेल्या तिजोरीचे तर मुळीच कौतुक करू नये. त्या एका माणसापाशी जेवढी निष्ठा आहे, तिचा शंभरावा हिस्सा जरी गावोगावच्या मैदानांच्या वाट्याला आला, तरी उद्याची मुले गॅलरीत उभी न राहता मैदानात उतरतील.