गड्डा झाला की मालवण गाठा

बेटावर सहल म्हटलं की आपल्याकडे लगेच अंदमान, लक्षद्वीप अशी नावं निघतात, विमानाच्या तिकिटांचा हिशोब होतो आणि बेत तिथंच बारगळतो. सोलापूरकरांनो, एवढं लांब कशाला? मालवणसमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. शुक्रवारी रात्री निघून सोमवारी पहाटे घरी परतता येतं आणि खिशालाही झेपतं.

फक्त मे महिन्यात जाऊ नका. मुलांना सुट्टी तेव्हाच असते हे खरं, पण सगळा घाटमाथाही तेव्हाच खाली उतरतो. खोल्यांचे दर चढतात, घामाच्या धारा लागतात आणि समुद्र खवळला की किल्ल्याच्या होड्या बंद होतात, त्या पावसाळा सरेपर्यंत. नाताळचा आठवडाही टाळा. सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा आटोपली की जानेवारीअखेरचा किंवा फेब्रुवारीतला एखादा साधा शनिवार-रविवार धरा.

प्रवास एसटीनं करा. मार्च 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर मोफत. आई, आजी, बायको, मुलगी असं कुटुंब निघालं की किती वाचतात, ते एकदा कागदावर मांडून बघा. रात्रीच्या गाडीनं कोल्हापूर, तिथून सकाळची मालवण गाडी. आठ-दहा जण मिळून गाडी करणार असाल, तर घाट उजाडल्यावरच उतरा. करूळ, भुईबावडा, फोंडा यांतला कुठला चालू आहे, तेही निघण्याआधी विचारा.

शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या. दोन्ही टिकतात आणि वाटेतल्या हॉटेलांचा खर्च वाचतो. वाचलेल्या पैशांत मालवणात एखाद्या घरगुती खानावळीत पोटभर मासे-भात आणि सोलकढी होते. ती चुकवू नका. मुक्कामही हॉटेलापेक्षा तिथल्या घरांमध्येच करा. स्वस्त पडतो आणि पैसा गावात राहतो.

शनिवारी पोचलात की सामान टाकून आधी जेटी गाठा. होडी किल्ल्यावर किती वेळ थांबणार, हे चढण्याआधीच ठरवून घ्या. पायाभरणी 25 नोव्हेंबर 1664 ची, बांधकाम तीन वर्षांचं आणि तट सुमारे तीन किलोमीटरचा. पण मुलांना आवर्जून दाखवा त्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंना खारट समुद्र आणि आत गोडं पाणी! महाराजांनी हेच बेट का निवडलं, हे तिथं उभं राहिल्यावर कळतं. किल्ल्यावर आजही काही कुटुंबं राहतात, त्यामुळे आपला कचरा आपल्या पिशवीतूनच परत आणा. भोवतीचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलायचा नाही.

रविवारी सकाळी तारकर्ली-देवबाग. तिथं कर्ली नदी समुद्राला मिळते. दुपारी जेवून परतीची गाडी.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. आपण विहिरीत, तळ्यात पोहायला शिकलेली माणसं. समुद्राचं पाणी मागे ओढतं, आणि अशा ओढीत पट्टीचा पोहणाराही दमतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती मवाळ असते. तारीख ठरवताना कॅलेंडरवर तिथी बघा आणि उतरण्याआधी तिथल्या मच्छीमाराला विचारा. तो नको म्हणाला तर वाळूतच बसा. दारू पिऊन पाण्यात कुणालाही जाऊ देऊ नका, मग तो कितीही जवळचा मित्र असो. 24 मे 2022 रोजी तारकर्लीत पर्यटकांची बोट बुडून दोघांचा जीव गेला होता. होडी सुटण्याआधी प्रत्येकाच्या अंगावर, लहान मुलांच्याही, जॅकेट नीट बांधलंय का ते स्वतः हात लावून बघा. जॅकेटं कमी पडत असतील तर खाली उतरा आणि पुढच्या होडीनं जा.